लेकॉक ॲबी: मठाचं घर होताना काय गेलं, काय राहिलं

देवडी

इंग्लंडमधली जुनी घरं म्हटली की डोळ्यांसमोर एका धन्याने, एकाच शैलीत बांधून घेतलेले मोठाले महाल येतात. मला मात्र वेडं करतात ती दुसऱ्या जातीची घरं. कुणा एका वास्तुशिल्पीचं नाव सांगता येत नाही, प्रत्येक पिढीने काही पाडलं, काही बुजवलं, काही नव्याने जोडलं, आणि तरी घर उभं राहिलं. ब्रिस्टलजवळ राहत असल्यामुळे अशा एका घरी वरचेवर जाणं होतं. ते म्हणजे विल्टशर परगण्यातली लेकॉक ॲबी. चिपनहॅमच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवर, एव्हन नदीकाठी. तिच्यावर मराठीत सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी मूळ काय होतं ते सांगते. सॉल्सबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये इथे ऑगस्टिनियन पंथाच्या नन्ससाठी मठ स्थापन केला. तिचा नवरा विल्यम लाँगस्पे हा राजा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा. १२२६ मध्ये तो वारला आणि सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याचं दफन झालं. एला स्वतः विल्टशरची शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीने परगण्याचा कारभार बघणारी अधिकारी, राहिलेली बाई. त्या काळात बाईकडे असं पद जवळजवळ कुठेच नव्हतं. पुढे ती याच मठात नन झाली, मठाची प्रमुख झाली आणि १२६१ मध्ये गेली.

मठाची रचना साधी. मधे मोकळा चौक, चौकाभोवती छपराखालून फिरायची वाट, म्हणजे क्लॉइस्टर. आपल्या वाड्यातल्या चौकाभोवतीच्या सोप्याची कल्पना करा, फक्त लाकडी खांबांऐवजी दगडी कमानी आणि वर दगडी छत. चौकाच्या एका बाजूला चर्च, दुसरीकडे सभेची खोली आणि शयनगृह, तिसरीकडे भोजनगृह, चौथीकडे मठप्रमुखाचं बिऱ्हाड.

आता यातली एक बाब नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक मठांत क्लॉइस्टर चर्चच्या दक्षिणेला असतं. कारण उघड आहे. चर्चची इमारत उंच, तिची सावली उत्तरेला पडते, म्हणून राहायची जागा उन्हाच्या बाजूला. लेकॉकला उलट आहे. इथे चर्च दक्षिणेला आणि क्लॉइस्टर उत्तरेला. म्हणजे तीनशे वर्षं नन्स चर्चच्या सावलीत फिरल्या.

१५३९ च्या जानेवारीत आठव्या हेन्रीच्या माणसांनी मठ ताब्यात घेतला. इंग्लंडमधले सगळेच मठ त्या काही वर्षांत बंद झाले. शेवटच्या मठप्रमुखाला आणि नन्सना पेन्शन मिळाली, आणि १५४० मध्ये विल्यम शॅरिंग्टन नावाच्या दरबारी माणसाने ७८३ पौंडांना ही मालमत्ता घेतली.

मठ विकत घेणारे पुष्कळ होते. काहींनी सगळं पाडून दगड विकले. काहींनी चर्चलाच घर केलं. शॅरिंग्टनने उलटा मार्ग धरला. चर्च पाडलं आणि मठ ठेवला. तेही अर्धवट नाही: क्लॉइस्टर, सभेची खोली, नन्सची शेकायची खोली, सगळा तळमजला त्याने जवळपास हात न लावता तसाच सोडला आणि स्वतः वरच्या मजल्यावर राहायला गेला. खाली मध्ययुग, वर ट्यूडर, म्हणजे सोळाव्या शतकातलं, घर. क्लॉइस्टरच्या तीन बाजू आजही उभ्या आहेत. छत पंधराव्या शतकातलं, कमानींच्या बरगड्या जिथे एकत्र येतात तिथे दगडात कोरलेल्या गाठी आहेत, देवदूत, प्राणी, फुलं. मान वर करून त्या एकेक बघत चालायचं म्हटलं तर तासभर सहज जातो.

चर्च पाडताना त्याने चर्चची उत्तरेकडची भिंत मात्र ठेवली, कारण तीच क्लॉइस्टरची दक्षिणेकडची भिंत होती. ती पाडली असती तर घरच उघडं पडलं असतं. त्यामुळे लेकॉकचा आजचा दक्षिण दर्शनी भाग म्हणजे चर्चच्या आतली भिंत. जिच्या अंगाला तीनशे वर्षं पाऊस लागला नव्हता, ती १५४० नंतर उघड्यावर आली. आणि सावली गेली. घराला पहिल्यांदा दक्षिणेचं ऊन मिळालं.

शॅरिंग्टनच्या कामातला माझा आवडता भाग म्हणजे आग्नेय कोपऱ्यातला अष्टकोनी मनोरा. मधल्या मजल्यावरच्या खोलीत किमती वस्तू आणि कागदपत्रं. तिथे मधोमध दगडाचं अष्टकोनी टेबल आहे. गुडघे मुडपून बसलेले सॅटर, म्हणजे ग्रीक पुराणातले अर्धे माणूस अर्धे बोकड, डोक्यावर फळांच्या टोपल्या घेऊन ते टेबल पेलतात. त्याच्या वरची खोली जेवणानंतर मोजक्या पाहुण्यांना घेऊन गोडधोड खायला आणि आजूबाजूचा मुलूख न्याहाळायला. तिथेही असंच एक टेबल, आणि तिथे जायची वाट छतावरून. इंग्लंडमध्ये तेव्हा इटलीच्या रेनेसान्सची नक्षी नुकती पोहोचत होती. बहुतेक ठिकाणी ती नवशिक्या हाताची वाटते. इथली नाही. हे काम जॉन चॅपमन नावाच्या पाथरवटाचं मानतात. लाँगलीटचं प्रसिद्ध घर बांधणाऱ्या जॉन थिनला शॅरिंग्टनने लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख आहे.

मग दोनशे वर्षं उडी मारते. अठराव्या शतकाच्या मध्यावर घर टॉल्बट घराण्यात होतं. जॉन आयव्हरी टॉल्बटने १७५४ च्या सुमारास पश्चिमेकडचा जुना हॉल काढून नवा बांधून घेतला. आराखडा सँडरसन मिलरचा. हा मिलर पोटासाठी नकाशे काढणारा वास्तुशिल्पी नव्हता, वॉरिकशरमधला हौशी जमीनदार होता, आणि बागांमध्ये मुद्दाम पडके किल्ले बांधून देण्यासाठी त्याचं नाव झालं होतं. त्याने इथे गॉथिक शैलीचा हॉल केला: टोकदार कमानी, भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत व्हिक्टर अलेक्झांडर सेडरबाख या शिल्पकाराच्या भाजक्या मातीच्या मूर्ती, आणि छतावर मालकाच्या मित्रांच्या घराण्यांची रंगवलेली चिन्हं. म्हणजे ज्या घराच्या पोटात खराखुरा मध्ययुगीन मठ शाबूत आहे, त्याच घराला अठराव्या शतकाने आपल्या कल्पनेतलं मध्ययुग जोडलं. एका दारातून दुसऱ्या दारात गेलं की दोन्ही लागोपाठ बघायला मिळतात.

आणि शेवटी त्याच घराण्यातला विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट, छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक. १८२७ मध्ये तो इथे राहायला आला. दक्षिणेची ती लांब भिंत त्याला बंदिस्त वाटली असणार. पुढच्या तीन वर्षांत त्याने तिथे गॅलरी नीट करून घेतली आणि भिंतीतून बाहेर येणाऱ्या तीन ओरियल खिडक्या बसवल्या. त्यातल्या मधल्या खिडकीचं ऑगस्ट १८३५ मध्ये त्याने कागदावर चित्र घेतलं. आज जगात उपलब्ध असलेली सर्वात जुनी छायाचित्राची निगेटिव्ह ती हीच.

म्हणून मला 'मूळ रूप परत आणा' ही मागणी अशा घरांच्या बाबतीत पटत नाही. लेकॉकचं मूळ रूप १२३२ चं म्हणायचं तर ती खिडकी काढून चर्च बांधावं लागेल. एलाने चर्च दक्षिणेला ठेवलं, शॅरिंग्टनने ते पाडलं, उघड्या पडलेल्या भिंतीत टॉल्बटने खिडकी बसवली, आणि त्या खिडकीत छायाचित्रण आलं. साखळीतली एक कडी काढली तरी पुढचं घडत नाही.

तुम्हाला काय वाटतं? अशी फेरबदल झालेली घरं पाहिली असतील तर जरूर लिहा. नकाशाबद्दल, खोल्यांबद्दल काही विचारायचं असेल तर तेही.

माजघर

फार सुरेख लिहिलंय देवडीताई. चर्चची आतली भिंत घराची बाहेरची भिंत झाली, हे वाचून दोन मिनिटं थांबले.

एक शंका. शॅरिंग्टन वरच्या मजल्यावर का गेला? तळमजला तयार होता, छत दगडी, भिंती जाडजूड. वर चढून राहायचं कारण काय? तेव्हा जिने काही आजच्यासारखे सोयीचे नसणार.

देवडी

माजघर, चांगला प्रश्न. याची दोन कारणं दिसतात.

एक म्हणजे नन्ससुद्धा वरच झोपत. पूर्वेच्या बाजूला वरच्या मजल्यावर त्यांचं लांबलचक शयनगृह होतं. म्हणजे वरचा मजला शॅरिंग्टनला आयता मिळाला, त्याने तो फक्त आपल्या सोयीने विभागला आणि शेकोट्या घातल्या. त्या बाजूला आज स्टोन गॅलरी आहे. तिथे उभं राहिलं की खोलीचा लांबट आकार शयनगृहाचाच आहे हे कळतं.

दुसरं म्हणजे तळमजला थंड आणि ओलसर. नदी जवळ आहे. संपूर्ण मठात नन्सना शेकायला एकच खोली होती, तिला वॉर्मिंग रूम म्हणतात. बाकी सगळीकडे हिवाळाभर गारठा. ट्यूडर काळातल्या श्रीमंताला ऊब हवी, उजेड हवा, आणि आपण वर राहतो हे लोकांना दिसायलाही हवं. खालच्या खोल्या मग कोठारासाठी, कामासाठी. माझ्या मते लेकॉकचं क्लॉइस्टर वाचलं ते याच उपयोगामुळे. कुणी ते आदराने जपलं असं नाही. दिवाणखाना तिथे असता तर प्रत्येक पिढीने तो नव्या फॅशनप्रमाणे बदलला असता. कोठाराला कोण नवं छत घालतं?

त्या वॉर्मिंग रूममध्ये आज एक प्रचंड धातूची कढई ठेवलेली आहे, १५०० साली आजच्या बेल्जियममधल्या मेकेलन गावात ओतलेली. लहान मूल आत सहज बसेल एवढी.

पाथरवट

लेख माहितीपूर्ण आहे, पण शॅरिंग्टनबद्दलचा सूर मला खटकला. त्याने तळमजला ठेवला म्हणून त्याचं कौतुक करताना त्याने काय नेलं ते एका वाक्यात उरकलंय.

चर्च ही त्या मठाची सर्वात मोठी, सर्वात देखणी इमारत असणार. तीनशे वर्षं तिथे रोज प्रार्थना झाली. संस्थापिका एला तिथेच पुरलेली. ते सगळं पाडून दगड काढून घेतले. आज एलाच्या थडग्याची शिळा क्लॉइस्टरमध्ये आणून ठेवलेली आहे, तिच्या जागी ती नाही. ही 'साखळीतली कडी' नव्हे, हा विध्वंस आहे, आणि त्याला तसंच म्हटलं पाहिजे.

शिवाय माणूस कोण? ब्रिस्टलच्या टांकसाळीचा अधिकारी, ज्याने नाणी हलकी पाडून पैसा केला आणि हिशेबात खाडाखोड केली. बालराजा सहाव्या एडवर्डचा मामा थॉमस सीमोर, त्याच्या सत्ता बळकावायच्या कटात हाच पैसा जायचा होता. १५४९ च्या जानेवारीत पकडला गेला. सीमोरचं डोकं उडालं, शॅरिंग्टनने कबुली देऊन जीव वाचवला आणि पैसे मोजून इस्टेट परत मिळवली. त्या मनोऱ्यातल्या दगडी टेबलांचा खर्च कुठून आला हेही सांगायला हवं.

आणि मिलरचा हॉल. मी फोटोच पाहिलेत, पण मला तो नाटकातल्या नेपथ्यासारखा वाटतो. ज्या काळाने बारकाईने मध्ययुग समजून घेतलं नाही त्याने केलेली नक्कल. शेजारी अस्सल असताना नक्कल का जपायची?

काळापडदा

इथे मला बोललंच पाहिजे, कारण मी फिल्मवर फोटो काढतो आणि स्वतः डार्करूममध्ये धुतो.

देवडीताईंनी निगेटिव्हचा उल्लेख एका वाक्यात केला, त्यात थोडी भर घालतो. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये टॉल्बट इटलीत लेक कोमोवर होता. कॅमेरा ल्युसिडा नावाचं उपकरण वापरून समोरचं दृश्य कागदावर गिरवायचा प्रयत्न चालला होता आणि हात साथ देईना. तेव्हा त्याच्या मनात आलं की प्रकाशाने स्वतःच चित्र कागदावर उमटवलं तर? घरी लेकॉकला आल्यावर प्रयोग सुरू. लिहायचा चांगला कागद आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेट. कागदात सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, ते प्रकाशाने काळं पडतं. थांबवायचं कसं, तर पुन्हा दाट मिठाचं पाणी किंवा पोटॅशियम आयोडाइड.

कॅमेरे म्हणजे छोट्या लाकडी पेट्या. बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची, कारण तो त्या घराभोवती जागोजागी ठेवून यायचा. अर्ध्या तासाने गोळा करून आणायचा, प्रत्येकात एक इवलंसं चित्र.

खिडकीची ती निगेटिव्ह पोस्टाच्या तिकिटाहून फार मोठी नाही. टॉल्बटने तिच्याशेजारी स्वतःच्या हाताने टिपून ठेवलंय की ती ताजी असताना काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगातून मोजता येत होते. मला त्या टिपणाचं फार अप्रूप वाटतं. त्याने चित्र सुंदर आलंय असं लिहिलं नाही. त्याने चौकोन मोजले. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या काचांची खिडकी ही पहिल्या कॅमेऱ्यासाठी उत्तम परीक्षा होती: मागून लख्ख आभाळ, मधे काळ्या रेघांची जाळी. पट्टी काळी, काच उजळ, मधलं काही नाही. निगेटिव्हमध्ये ते उलटं. बारीकसारीक तपशील किती उमटतो हे लगेच कळणार.

म्हणून पाथरवट, १८३० ची ती खिडकी 'जुन्या मठात घुसवलेली नवी खिडकी' असली तरी तिच्याकडे तसं बघणं मला शक्य नाही. त्याने जुन्या पद्धतीची जाळीची काच वापरली नसती, मोठ्या सपाट तावदानांची आधुनिक खिडकी केली असती, तर मोजायला काही उरलंच नसतं.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये लुई डागेरचा छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तेव्हा टॉल्बटने घाईघाईने आपले प्रयोग लंडनमध्ये मांडले. त्या वेळी आपल्या घराच्या चित्रांबद्दल त्याने लिहिलं की स्वतःचं चित्र स्वतः काढणारी ही माझ्या माहितीतली पहिली इमारत. पुढे १८४० मध्ये कॅलोटाइपची पद्धत सापडली. त्यात कागदावर आधी न दिसणारं चित्र घ्यायचं आणि नंतर रसायनाने वर आणायचं, त्यामुळे वेळ खूप कमी लागू लागला. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती, ही कल्पना टॉल्बटचीच. डागेरच्या चांदीच्या पत्र्याची प्रत निघत नव्हती. डिजिटल येईपर्यंत आपण सगळे टॉल्बटच्याच वाटेने चाललो.

ठाकुरद्वार

काळापडदा यांच्या प्रतिसादाला पुरवणी. ही वाट मुंबईला लवकर पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. ते स्वतः छायाचित्रं काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत छायाचित्रणाचा धंदा केला. लेकॉकच्या त्या खिडकीपासून गिरगावपर्यंत वीसच वर्षं.

कोनाडा

वाचनखूण साठवली. सविस्तर वाचून लिहीन.

चुनागच्ची

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे पाथरवट आणि देवडी दोघांच्याही म्हणण्यावर थोडं लिहितो.

'मूळ रूप' आणायच्या हट्टाने इंग्लंडने स्वतःचं फार नुकसान करून घेतलंय. एकोणिसाव्या शतकात शेकडो चर्चमधून नंतरच्या शतकांची कामं खरवडून काढली आणि तेराव्या शतकात असं असावं म्हणून नवं बसवलं. त्याला वैतागून लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. निमित्त होतं ट्यूक्सबरी ॲबीचं चाललेलं नूतनीकरण. त्या लोकांचं म्हणणं सरळ होतं: इमारतीला रोज जपा, गळती वेळेवर थांबवा, आधार द्या, पण कुठल्यातरी एका सालाकडे तिला मागे ओढू नका. आमच्या धंद्यात आजही हेच पहिलं सूत्र.

कारण व्यवहाराचं आहे. जुन्या भिंतीतला थर एकदा काढला की तो काढला. त्याच्याबरोबर पुरावाही जातो. अशा घरात गेलात तर पुढच्या गोष्टी बघा. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभी फट दिसली, दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, तर तिथे दोन वेगळ्या काळांची बांधकामं भिडलेली आहेत. मधेच कमानीचा अर्धाच तुकडा दिसला आणि खाली साधे दगड भरलेले असले तर ते बुजवलेलं दार. घडीव दगडाचा एखादा तुकडा भलत्याच जागी उलटा बसलेला दिसला तर तो दुसऱ्या इमारतीतून आलाय. लेकॉकसारख्या ठिकाणी पाडलेल्या चर्चचा दगड नव्या भिंतींत गेला असणार हे गृहीतच धरायचं, घडवलेला दगड तेव्हा कुणी फेकत नसे.

आणि चुना. हा सगळा चुनखडीचा मऊ दगड आहे. त्याचे सांधे चुन्यात भरले तर भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. सिमेंट भरलं की पाणी दगडातून वाट काढतं आणि दगडाचा तोंडावळा पापुद्र्यांनी गळतो. आतली भिंत बाहेर आली हे वाचून मला पहिला विचार हाच आला, की ती पावणेपाचशेच्या वर पावसाळे कशी तरली. आतल्या बाजूसाठी निवडलेला दगड बाहेर टिकेल याची खात्री नसते. त्या भिंतीच्या माथ्याचं पाणी कसं काढलंय आणि दगड कुठे कुठे बदललाय ते पुढच्या खेपेला बारकाईने बघून सांगाल का?

पाथरवट

चुनागच्ची, हे पटलं. एका सालाकडे ओढू नये, मान्य. खिडकी काढा असं मी म्हणतच नाही आणि म्हणणारही नाही.

माझा मुद्दा इतकाच की 'सगळे बदल सारखेच' असं होऊ नये. टॉल्बटने खिडकी बसवली त्यात काही मोडलं असेल तर भिंतीचा काही भाग. शॅरिंग्टनने जे मोडलं ते पुन्हा कधीच दिसणार नाही. त्या चर्चचा आराखडा कळायला १८९० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. हॅरॉल्ड ब्रॅक्स्पियर या वास्तुशिल्पीने हिरवळ खणून पाये शोधले तेव्हा चर्चची लांबी-रुंदी समजली. वर काय होतं, खिडक्यांत कुठल्या काचा होत्या, नन्स कुठे बसून गात, ते गेलं.

देवडी

पाथरवट, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे. चर्च पाडणं हा विध्वंसच. शॅरिंग्टनच्या पैशाबद्दल तुम्ही लिहिलंत तेही धाग्यात हवंच होतं.

मिलरच्या हॉलबद्दल मात्र मी भांडणार. तो हॉल मध्ययुगाची नक्कल म्हणून बघितला तर कच्चा आहे. अठराव्या शतकाचं घर म्हणून बघा. तोपर्यंत इंग्लंडमधल्या श्रीमंतांना गॉथिक म्हणजे रानटी, जुनाट वाटत होतं, सगळे रोमन खांबांच्या मागे होते. १७५० च्या आसपास काही लोकांना पहिल्यांदा वाटलं की या टोकदार कमानी सुंदर आहेत. त्यांना त्यांचं व्याकरण येत नव्हतं, मिलर जे करतो ते डोळ्यांना आवडलं म्हणून. पण ते आवडणं महत्त्वाचं. ते झालं नसतं तर पुढच्या शतकात जुने मठ वाचवायला कुणी पुढे आलं नसतं. आणि त्या मूर्ती प्रत्यक्ष बघाल तर 'नेपथ्य' म्हणणार नाही. भाजक्या मातीची माणसं कोनाड्यातून अंग बाहेर काढून बघतायत, कपड्यांच्या चुण्या बोटांनी दाबलेल्या दिसतात, चेहरे एकसारखे नाहीत. त्यात एका बोकडाच्या नाकावर साखरेचा खडा ठेवायची तिथे प्रथा आहे, कुणा विद्यार्थ्याने सुरू केलेली, अजून पाळतात.

चुनागच्ची, माथ्याचं पाणी कसं काढलंय ते मी नेमकं बघितलेलं नाही, पुढच्या खेपेला फोटोंसकट टाकते. तुम्ही सांगितलेली सरळ उभी फटही शोधते.

माजघर

चर्चा वाचताना फार शिकायला मिळतंय. पुढच्या वर्षी लेक बाथला शिकायला जाणार आहे, तेव्हा हे नक्की बघणार. घर कुणाच्या मालकीचं आहे आज? आणि जाताना काय काय बघावं ते सांगा. ती निगेटिव्ह तिथेच आहे का?

देवडी

माजघर, आज ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. फॉक्स टॉल्बटची नात मटिल्डा टॉल्बट हिने १९४४ मध्ये घर आणि जवळजवळ अख्खं लेकॉक गाव ट्रस्टला देऊन टाकलं. मठाकडे मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२२५ ची एक प्रत होती, शतकानुशतकं याच घरात राहिलेली. तीही तिने पुढे ब्रिटिश म्युझियमला दिली. ज्या बाईने एवढं हातचं सोडलं तिच्यावर कधीतरी वेगळा धागा काढीन.

निगेटिव्ह लेकॉकला नाही, ती ब्रॅडफर्डच्या नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियमच्या संग्रहात आहे. लेकॉकला फाटकाशीच जुन्या कोठारात फॉक्स टॉल्बट म्युझियम आहे. ते आधी बघा, मग घर.

घरात शिरायच्या आधी दक्षिणेच्या हिरवळीवर जाऊन मागे वळा. पायाखाली चर्च होतं, समोर त्याची भिंत, उजव्या टोकाला शॅरिंग्टनचा मनोरा, मधे टॉल्बटच्या तीन खिडक्या. मग क्लॉइस्टर, सभेची खोली, वॉर्मिंग रूम, आणि सर्वात शेवटी वरचा मजला. उत्तरेकडचा तबेल्याचा चौक चुकवू नका. तोही शॅरिंग्टनचा, आणि तिथे घरची बिअर करायची ट्यूडर खोली आहे, भट्टीच्या जागेसकट. बाथहून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागेल. निघण्यापूर्वी ट्रस्टच्या साइटवर खोल्या कुठल्या उघड्या आहेत ते बघून घ्या, हिवाळ्यात वरचा मजला कधीकधी बंद ठेवतात. लेक इथे आली की मला व्यक्तिगत निरोप करा, तिला घेऊन जाईन.